बोटाखालची कळ

१८ जून २०२५, रत्नागिरी

पाऊस सकाळपासून धरून आहे. बारावीतला एक मुलगा भिजत माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आला. पिशवीत पिशवी, तिच्यात फडक्यात गुंडाळलेला गेमिंग माऊस. "काकू, डबल क्लिक मारतोय. उजवं बटण."

व्हॅलोरंट नावाचा नेमबाजीचा ऑनलाइन खेळ खेळतो. त्यातली ऑपरेटर नावाची बंदूक घेतली की उजवं बटण एकदा दाबल्यावर दुर्बीण अडीचपट जवळ आणते, पुन्हा दाबल्यावर पाचपट. याचं एकदाचं दाबणं माऊस दोनदा मोजतो. म्हणजे दुर्बीण थेट पाचपटीवर जाते आणि समोरचा खेळाडू चौकटीतून निसटतो. मुलाने हे सगळं टेबलावर बोटाने रेघा मारून मला समजावलं. संघातले बाकीचे चौघे त्याला बोलतात, आणि दोष हाताचा नाही हे त्यांना पटत नाही.

कंपनीला विचारलं तर उत्तर आलं की वॉरंटी संपली, नवीन घ्या. वडील मिरकरवाड्यात मासळीच्या व्यवसायात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. या दोन महिन्यांत साडेतीन हजारांचा माऊस कोण मागणार घरात? "उद्या संध्याकाळी ये," म्हटलं.

१९ जून

गेमिंग माऊस उघडायचा म्हणजे आधी त्याचे पाय काढायचे. पोटाला चिकटवलेल्या टेफ्लॉनच्या पट्ट्यांखाली स्क्रू दडवलेले असतात. पट्टी घाईने उचकटली की कड दुमडते, मग माऊस पॅडवर खरखरतो आणि खेळणाऱ्याच्या हाताला ते पहिल्या मिनिटात कळतं. मी हेअर ड्रायरने पट्टी ऊन करते, चिकटा सैल झाला की पातळ पात्याने सरळ उचलते आणि मेणकागदावर ठेवते.

बटणाच्या खाली असतो मायक्रोस्विच. करंगळीच्या नखाएवढी डबी. आत तांब्याच्या मिश्रधातूची एक पातळ वाकवलेली पत्ती. बोट दाबलं की पत्ती उलटून खालच्या टोकाला टेकते, आणि तोच तो 'टक' आवाज. पण कुठलीही धातूची पत्ती एकदाच टेकून थांबत नाही. टेकते, किंचित उसळते, पुन्हा टेकते. नव्या स्विचमध्येही हे होतं. माऊसमधला प्रोग्राम काही मिलिसेकंद या उसळ्यांकडे दुर्लक्ष करतो म्हणून आपल्याला एकच क्लिक मिळतं. पत्ती थकली, टोकावर काळा थर चढला, की उसळणं लांबतं, ठरवलेल्या मुदतीच्या पलीकडे जातं आणि दुसरं क्लिक म्हणून मोजलं जातं. वायरलेस माऊसमध्ये बॅटरी टिकावी म्हणून विद्युतदाब कमी ठेवतात. त्यामुळे तो थर भेदून जाण्याइतका जोर प्रवाहात राहत नाही. किनाऱ्यावरच्या दमट, खारट हवेत थर चढायला वेळही लागत नाही.

खोक्यावर मात्र छापलेलं असतं, दोन कोटी क्लिक, पाच कोटी क्लिक. प्रयोगशाळेतल्या यंत्राने कोरड्या हवेत मोजलेला आकडा तो. मिरकरवाड्यातल्या खोलीत, पावसाळ्यात, घामेजलेल्या बोटाखाली तो आकडा लागू होईल असं मी कुणाला सांगत नाही.

स्विचला तीन पाय. कारखान्यातलं कथील शिशाविना असतं, ते २१७ अंशांच्या आसपास वितळतं. हट्टाने तापवत बसलं तर बोर्डावरचा तांब्याचा गोल उखडतो आणि माऊस कायमचा जातो. म्हणून मी आधी त्यावर शिसं असलेलं जुन्या पद्धतीचं कथील थोडं चढवते. दोन्ही मिसळली की कमी उष्णतेत पातळ होतात, मग तांब्याच्या जाळीने शोषून घेता येतात. पाय मोकळे झाले की स्विच स्वतःहून हातात येतो. ओढायचा नाही.

नवा स्विच बसवून ठेवला, तोवर मुलगा आला. शांतपणे डावं-उजवं, डावं-उजवं दाबत बसला. "काकू, आता उजवं जड लागतंय." त्याचं बरोबर होतं. जुन्या पत्तीपेक्षा नवी ताठ. ही तक्रार अनेक दुरुस्तीवाले उडवून लावतात. मी लावत नाही. बोटाला जे लागतं तीच या वस्तूची खरी मोजणी. डावाही बदलून दिला. दोन्ही स्विचचा मिळून खर्च शंभराच्या आसपास.

२७ जून

आज चिकट माऊस आले, एकापाठोपाठ. बाजूला मऊ रबरासारखा लेप असतो, दुकानात हाताला छान लागतो. दमट हवेत दोन-तीन पावसाळे गेले की तो विरघळल्यासारखा होतो आणि बोटं अडकतात. लोक वर टाल्कम पावडर मारतात. ती बटणाच्या फटीतून आत जाते आणि चाक घट्ट होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने लेप पूर्ण खरवडून काढणं हाच उपाय. खालचं साधं प्लास्टिक दिसायला ओबडधोबड, पण कोकणात तेच टिकतं. इथल्या माणसाने लेप नसलेलाच माऊस घ्यावा, हे मी आता विचारायच्या आधीच सांगते.

६ जुलै, आषाढी एकादशी

दुकान बंद. उपासाची भगर खाऊन जुनं कपाट आवरलं. तळाशी गोळीचा माऊस निघाला. गोळी अजून आत आहे.

पुण्यात शिकत होते तेव्हा सायबर कॅफेत मुलं यावरच काउंटर-स्ट्राइक खेळायची. नेम चुकायला लागला की माऊस पालथा, गोळी हातावर, आणि आतल्या दोन रुळांवरची मळाची वेटोळी नखाने खरवडायची. कॅफेवाल्या काकांना ते आवडायचं नाही, कारण गोळ्या हरवायच्या. एक रूळ आडव्या हालचालीचा, एक उभ्याचा. डग्लस एंगलबार्टने ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जो माऊस लोकांना दाखवला, ज्याचा पहिला नमुना बिल इंग्लिशने लाकडाच्या ठोकळ्यात बांधला होता, त्यातही हेच होतं, फक्त गोळीऐवजी एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाकं. १९९९ मध्ये रेझरने बूमस्लँग काढला, खास खेळणाऱ्यांसाठीच्या पहिल्या माऊसांपैकी एक, तोही गोळीचाच. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचा प्रकाशावर चालणारा इंटेलिमाऊस एक्सप्लोरर आला आणि मग गोळी बघता बघता गेली.

आताच्या माऊसच्या पोटात एक बारीकसा कॅमेरा असतो. पॅडच्या विणीवर प्रकाश टाकून तो सेकंदाला हजारो चित्रं घेतो आणि मागच्या चित्रातली वीण पुढच्या चित्रात किती सरकली यावरून हाताची चाल काढतो. म्हणूनच स्वच्छ काचेच्या टेबलावर बहुतेक माऊस भांबावतात. पाहायला वीणच नसते.

११ जुलै

आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढणारे एक गृहस्थ आले. हातात रंगीत दिव्यांचा गेमिंग माऊस. खेळत नाहीत. पण दिवसभर ऑटोकॅडमध्ये रेघा ओढतात, आणि ऑफिसातला साधा माऊस त्यांच्या पंजाला लहान पडायचा. "मॅडम, ओढता ओढता रेघ सुटते." दाबून धरलेलं बटण मध्येच क्षणभर सुटतं. त्या मुलाची दुर्बीण आणि यांची भिंतीची रेघ, दोन्हीमागे एकच थकलेली पत्ती. फरक इतकाच की यांच्या नकाशात भिंत अर्ध्यावर पडली तर ते कुणी लगेच ओरडून सांगत नाही, पुढे कधीतरी साईटवर कळतं.

स्विच बदलला. शिवाय विंडोजमधली 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' ही खूण काढून टाकली. ती असली की हात जोरात नेला तर बाण जास्त पळतो, हळू नेला तर कमी. नेमकं काम करणाऱ्याच्या हाताला अंतराची सवयच लागत नाही. त्यांनी तिथेच दोन-चार रेघा ओढून पाहिल्या आणि खुर्चीत मागे टेकून बसले. बाजूची दोन बटणं 'अन्डू' आणि 'एस्केप'ला जोडून दिली, त्यावर ते जास्तच खूश.

१९ जुलै

मिरकरवाड्याचा मुलगा पुन्हा आला. माऊस ठीक आहे, नेम लागत नाही. "काकू, सोळा हजार डीपीआयचा माऊस घेतला तर फरक पडेल?"

दुकानात गर्दी नव्हती, म्हणून बसवून घेतलं. ८०० डीपीआय म्हणजे हात एक इंच सरकला की माऊस ८०० मोजण्या कळवतो. १९२० ठिपक्यांचा पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडायला अडीच इंचांहून थोडं कमी, म्हणजे ६ सेंटीमीटर लागतात. सोळा हजारावर तोच पडदा ३ मिलिमीटरमध्ये संपतो. श्वास घेतला तरी बाण हलेल. हा आकडा खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतो आणि खेळणाऱ्याच्या सगळ्यात कमी कामाचा असतो. शूटर खेळांतले नावाजलेले खेळाडू बहुतेक ४०० ते १६०० मध्येच खेळतात.

मग त्याची सेटिंग विचारली. ३२०० डीपीआय, खेळातली सेन्सिटिव्हिटी ०.४. व्हॅलोरंटमध्ये सेन्सिटिव्हिटी १ असताना माऊसच्या एका मोजणीला नजर ०.०७ अंश वळते. वहीवर गणित मांडलं: पूर्ण गिरकी घ्यायला त्याचा हात फक्त १० सेंटीमीटर सरकतो. तेच ८०० वर ठेवलं तर ४१ सेंटीमीटर. दहा सेंटीमीटरमध्ये सगळं जग फिरत असेल तर समोरच्याच्या डोक्याएवढी जागा मनगटाच्या कंपातच हरवते.

"पण टेबलावर जागाच नाही." ही खरी अडचण. टेबल बहिणीबरोबर वाटून घेतलेलं, तिची पुस्तकं, कीबोर्ड, आणि बशीएवढा माऊसपॅड. पाठ्यपुस्तकात नसलेला पण सगळ्या खेळाडूंना ठाऊक असलेला उपाय सांगितला: कीबोर्ड तिरका, जवळजवळ उभा ठेव, उजवीकडची जागा माऊसला दे. आधी १६०० वर ये, हात बसला की ८०० वर. मनगट टेबलावर रोवून फक्त बोटं हलवायची सवय सोड, कोपरापासून हात हलव. मनगटही वाचेल.

पोलिंग रेटबद्दलही त्याने ऐकलं होतं. साधा माऊस सेकंदाला १२५ वेळा कळवतो, दर ८ मिलिसेकंदांनी. गेमिंग माऊस १००० वेळा. आता ८००० वालेही आहेत. त्याचा पडदा ६० हर्ट्झचा, नवं चित्र साधारण १७ मिलिसेकंदांनी येतं. १००० पुरे. ८००० ने त्याच्या जुन्या प्रोसेसरवर ओझंच वाढेल.

गणिताचा कागद त्याने खिशात घातला. त्याची अकरावी कशी गेली ते मला माहीत नाही, पण गुणोत्तर त्याला एका दमात कळलं.

२ ऑगस्ट

डावखुरी मुलगी, गोगटे कॉलेजची. दुकानातले सगळे माऊस हातात घेऊन बघितले आणि सगळे ठेवून दिले. जवळजवळ सगळ्यांचा फुगवटा उजव्या तळव्यासाठी, बाजूची बटणं उजव्या अंगठ्यासाठी. डावखुऱ्यांसाठी रेझरने डेथअॅडर आणि नागाच्या वेगळ्या आवृत्त्या काढल्या होत्या, पण त्या इथे मिळणं कठीण. दोन्ही बाजूंनी सारखा आकार असलेला माऊस मागवून देते म्हटलं. त्यातही बाजूची बटणं डावीकडेच, म्हणजे तिला ती करंगळीने दाबावी लागणार. ती म्हणाली, "सवय आहे, ताई. कात्रीपासून सगळ्यालाच आहे." या एका वाक्याचा मला दिवसभर राग आला. तिच्यावर नाही.

९ ऑगस्ट

वायरलेस माऊस मध्येच अडकतो, अशी तक्रार. बिघाड काहीच नाही. डोंगल सीपीयूच्या मागे, यूएसबी ३ च्या पोर्टांच्या गर्दीत, शेजारी जोडलेली हार्ड डिस्क. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत मिसळतो. एक छोटी वायर देऊन डोंगल पॅडच्या शेजारी आणून ठेवायला सांगितला. वायरचेच पैसे घेतले.

२३ ऑगस्ट

बोटी समुद्रात गेल्या, हातात थोडे पैसे आले, आणि मुलाचे वडील स्वतः दुकानात आले. वर्तमानपत्राची घडी पुढे केली. "ताई, ह्या खेळांवर बंदी आली ना? मग माऊस घेऊ का नको?"

संसदेने या आठवड्यात ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, काल राष्ट्रपतींची सही झाली. त्यांना नीट सांगितलं. बंदी आहे पैसे लावून खेळायच्या खेळांवर. ई-स्पोर्ट्स कायद्याने वेगळे काढलेत, त्यांना प्रोत्साहनच द्यायचं म्हटलंय. डिसेंबर २०२२ मध्येच केंद्राने ई-स्पोर्ट्सना बहुक्रीडा स्पर्धांचा भाग मानलं, आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यांना पदकं होती. तुमचा मुलगा जे खेळतो त्यात पैज नाही.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तो रात्री कागदावर आकडे मांडत असतो. मला वाटलं जुगाराचे." तो सेंटीमीटरचा हिशेब होता. मी सांगितलं.

नवा माऊस घेऊच नका म्हटलं, आहे तो अजून चालेल. पैसे मोठ्या कापडी पॅडवर घाला. त्यांनी पॅड घेतला.

२५ ऑगस्ट

परवा गणपती. चाकरमानी येऊ लागलेत, आणि त्यांच्या बॅगांतून मुंबईचे बिघडलेले माऊसही. लॅमिंग्टन रोडवरून मागवलेली स्विचची पाकिटं आली आहेत.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. मोबाईल, ट्रॅक्टर, गाड्या यांची चर्चा झाली. माऊससारख्या वस्तूकडे कुणाचं लक्ष जात नाही. मी त्या विभागाला पत्र लिहिते आहे, कंपन्यांना हे सांगा म्हणून. स्क्रू पायाखाली लपवू नका, किंवा खोक्यात पायांचा दुसरा जोड द्या. आत कुठला स्विच आहे ते बाहेर छापा. आणि स्विच कथलाने जखडण्याऐवजी खाचेत बसवा, म्हणजे घरच्या घरी बदलता येईल. हे अशक्य नाही. असूसने २०१४ मध्ये ग्लॅडियस माऊसमध्ये ते करून दाखवलं आहे. कथील शोषणारी जाळी माझ्याकडे आहे, गुहागरच्या किंवा देवरुखच्या मुलाकडे नाही. शंभर रुपयांच्या आतल्या भागासाठी त्याने साडेतीन हजारांची वस्तू का फेकावी, याचं उत्तर कंपन्यांनी द्यावं, असं पत्रात स्पष्ट लिहिलं आहे. पत्र मराठीतच आहे. उद्या रजिस्टर्ड पोस्टाने टाकणार.