कठड्याचें माप

सार्वजनिक कार्याची हौस बाळगणाऱ्या गृहस्थाच्या वांट्यास केव्हां ना केव्हां इमारत-समितीचें सभासदत्व येतेंच. आम्हांसही तें आलें. आमच्या गांवच्या एका पतपेढीनें तीन मजली व्यापारी इमारत बांधावयास घेतली होती. खालीं दुकानें, वर कचेऱ्या आणि मधून चढत जाणारा प्रशस्त जिना. त्या जिन्याच्या पोलादी कठड्याचें काम पाहण्याची कामगिरी आमच्याकडे आली, ती आम्हांस लोखंडांतलें कांहीं कळतें म्हणून नव्हे, तर सेवानिवृत्त माणूस सदैव मोकळा असतो या सर्वमान्य समजुतीमुळें.

कारागीर गांवाबाहेरच्या पत्र्याच्या छपरींत काम करी. माणूस मितभाषी. नकाशा त्यानें उलगडून पाहिला, पुन्हां गुंडाळला आणि म्हणाला, "साहेब, गिलावा होऊं द्या, फरशी बसूं द्या, मग माप घेतों."

आम्हीं हंसून विचारलें, "अहो, नकाशांत मिलिमीटरपर्यंत मापें दिलीं आहेत, आणखी माप तें कसलें?"

"नकाशा कागदाचा, साहेब. जिना गवंड्याचा."

हें उत्तर आम्हांस त्या वेळीं उद्धटपणाचें वाटलें. उद्घाटनाची तारीख ठरली होती, पाहुण्यांस पत्रें गेलीं होतीं. आम्हीं आग्रह धरला. ज्याचें हातावर पोट, तो समितीपुढें किती वेळ टिकणार? त्यानें नकाशाबरहुकूम कठडा जोडला.

असा कठडा म्हणजे बाजारांत तयार मिळणारी वस्तु नव्हे. शिंप्यानें चुकीचा बेतलेला अंगरखा निदान धाकट्या भावास तरी होतो. एका जिन्याचा कठडा दुसऱ्यास होत नाहीं. गिलावा अर्धा इंच जाड झाला, एखाद्या पायरीच्या फरशीखालीं मसाला अधिक पडला, कीं चढाचा कोन बदलतो आणि तो फरक वर सांचत जातो. शिवाय पोलाद स्वस्थ बसत नाहीं. १० मीटर लांबीची पट्टी ३० अंश सेल्सिअसनें अधिक तापली कीं सुमारें साडेतीन मिलिमीटर वाढते. म्हणून उन्हांतल्या लांब कठड्यांत सांधे मोकळे ठेवतात, बोल्टाचीं भोकें लांबट पाडतात. वेल्डिंगचा टांका निवतांना आकसतो व पट्टीस आपल्याकडे ओढतो. हें ठाऊक असलेला कसबी माणूस तिला आधींच उलट बाक देऊन ठेवतो. हें सारें आम्ही पुढें त्याच्याच छपरींत बसून शिकलों. आधीं शिकलों असतों तर बरें झालें असतें.

कठडा बसवूं लागले, तों दुसऱ्या मजल्यावर तो आपल्या जागेपासून चार बोटें अलग राहिला. समितीनें फेरकामाचा खर्च कारागिराच्या बिलांतून कापला. त्या ठरावावर आमची सही आहे.

पुढें मुंबईस जाणें झालें, तेव्हां काळा घोडा भागांतली जुन्या वॉटसन हॉटेलची इमारत मुद्दाम पाहिली. १८६७ ते १८६९ या काळांत ती उभी राहिली. रोलंड मेसन ऑर्डिश यांच्या आराखड्याप्रमाणें तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडांत तयार झाला आणि जहाजानें येऊन येथें जोडला गेला. प्रथम आम्हांस मोठें समाधान वाटलें. सातासमुद्रांपलीकडे कागदावरून सबंध इमारत घडते, मग आमच्या तीन मजल्यांच्या कठड्यानेंच काय पाप केलें होतें? पण रस्त्याच्या पलीकडे उभे राहून पाहतांना समाधान ओसरलें. तेथें लोखंड आधीं उभें राहिलें आणि विटा त्याच्या मापानें मागाहून भरल्या गेल्या. आमच्या येथें विटा आधीं होत्या. कारागीर सांगत होता तें एवढेंच.

गांवीं परतल्यावर कापलेली रक्कम आम्ही स्वतःच्या खिशांतून देऊं केली. त्यानें ती घेतली नाहीं. "तुमच्याकडे काम नव्हतें केलें, पेढीकडे केलें," तो म्हणाला, आणि ग्राइंडर सुरू केला. पैसे परत देण्याचा विषय आम्हीं समितीपुढें मांडला आहे. तो दोनदां तहकूब झाला. पुढची सभा येत्या रविवारीं आहे.