दुबईला निघालात? आधी औषधांची पिशवी उघडा

मुलाकडे दुबईला निघालेल्या एक आजी परवा दवाखान्यात आल्या. "डॉक्टर, तिकडे झोप लागत नाही हो, गोळ्या जरा जास्तच लिहून द्या." पिशवीत काय होतं? डबीत सुट्या करून ठेवलेल्या अल्प्राझोलामच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि शेजारणीने तिच्या भावासाठी दिलेली ट्रॅमाडॉलची पट्टी.

तुमच्याही घरी यातलं काहीतरी असेल, म्हणून ते साधं वाटतं. संयुक्त अरब अमिरातीत मात्र ही तिन्ही औषधं नियंत्रित आहेत. परवानगीशिवाय सापडली तर अटकही होऊ शकते. तिथल्या सरकारी संकेतस्थळावर आधीच अर्ज करता येतो. गोळ्या मूळ पट्टीतच ठेवा. चिठ्ठीवर पासपोर्टवरचं नाव, औषधाचं जेनेरिक नाव आणि डोस हवा. दुसऱ्याचं औषध मात्र मुळीच नेऊ नका, शेजारीण रुसली तरी चालेल.

झोपेचं म्हणाल तर दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीडच तास मागे आहे. तेवढ्यासाठी मी नवी गोळी देत नाही. उतारवयात त्या गुंगीत रात्री बाथरूमला जाताना पडण्याचीच भीती जास्त. पण अल्प्राझोलाम रोज घेत असाल तर कागदपत्रांच्या भीतीने एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. आधी भेटा.

आणि झोपेसाठी घरगुती उपाय म्हणून खसखस बांधून घेत असाल, तर तीही काढून ठेवा. अमिरातीत तिच्यावर बंदी आहे. नातवंडांसाठी अनारसे न्यायचेच असतील तर तीळ लावून करा.