शेऱ्याचा रकाना

पाठ टाचणवहीत शिक्षक उद्याच्या तासाची तयारी आज लिहून ठेवतो. तारीख, इयत्ता, विषय, घटक, उद्दिष्टे, साहित्य, कृती, मूल्यमापन असे तिचे रकाने असतात. शेवटचा रकाना शेऱ्याचा, आणि तो मुख्याध्यापकांचा. छत्तीसगढच्या शाळांत हिलाच शिक्षक डायरी म्हणतात. पदनाम बदलते, शाळा बदलते, पाठ्यपुस्तके बदलतात. वही मात्र रुजू झाल्यापासून निवृत्तीपर्यंत सुटत नाही. शिक्षक स्वतःला कोण समजतो आणि नोकरीच्या काळात काय शिकतो, हे पाहायचे तर तीच चाळावी लागते.

रायपूरच्या जुन्या भागातला ब्राह्मणपारा आणि त्याच्या आसपासचे तात्यापारा, बुढापारा हे मोहल्ले नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून मराठी माणसांच्या ओळखीचे. इथल्या मराठी शिक्षकाच्या घरात मराठी चालते, फळ्यावर हिंदी असते आणि मुलांच्या तोंडी छत्तीसगढी. या परिस्थितीतून घडलेले सर्वांत ठळक नाव माधवराव सप्रे यांचे (1871–1926). रायपूरच्या शाळेत नंदलाल दुबे या शिक्षकांनी त्यांना हिंदीची गोडी लावली. पुढे पेंड्र्याच्या राजकुमाराला शिकवत असताना सप्र्यांनी 1900 मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले, आणि नंतर दासबोध व गीतारहस्य हिंदीत आणले. मासिक जेमतेम तीन वर्षे चालले. पण दिवसा शिकवणी आणि रात्री लेखन ही शिक्षकाची एकच दिनचर्या असू शकते, हे त्यातून या भागाला दिसले. 1908 मध्ये सुरू झालेले आनंद समाज वाचनालयही याच परिसरातले. वाचणारा मास्तर हा इथे नवलाचा विषय नव्हता.

शिक्षकाची वहीशी पहिली गाठ पडते ती प्रशिक्षणात, सराव पाठांच्या वेळी. अध्यापक महाविद्यालयांतला पाठाचा साचा बराच काळ जर्मन विचारवंत हर्बार्टच्या नावाने ओळखला गेला. प्रस्तावना, सादरीकरण, तुलना, नियमन, उपयोजन अशा त्याच्या पाच पायऱ्या शिष्यांनी पक्क्या केल्या. छात्राध्यापक पाठ रात्री जागून लिहितो, मार्गदर्शकांकडून तपासून घेतो आणि वर्गात मागच्या बाकावर निरीक्षक बसलेले असताना घेतो. या शिस्तीचा फायदा आहे: कुठून सुरुवात करायची हे नवख्याला कळते. पण वही परीक्षकासाठी लिहायची असते, ही समजूतही त्याच दिवसांत पक्की होते.

नोकरी लागल्यावर ओळखीचा प्रश्न आधी कागदावर उभा राहतो. 1990 च्या दशकात मध्य प्रदेशात नियमित शिक्षकांच्या जागी पंचायती आणि नगरीय निकायांमार्फत शिक्षाकर्मी नेमले जाऊ लागले. 2000 मध्ये छत्तीसगढ वेगळे झाले, तेव्हा ही व्यवस्थाही नव्या राज्याकडे आली. शिक्षाकर्मीचा पुढे शिक्षक पंचायत किंवा शिक्षक नगरीय निकाय झाला. आठ वर्षे सेवा झालेल्यांचे 1 जुलै 2018 पासून शालेय शिक्षण विभागात संविलियन झाले, आणि पदनामामागे एल. बी. ही अक्षरे लागली. एल. बी. म्हणजे लोकल बॉडी, जिथून ते आले ती स्थानिक संस्था. शेजारच्या वर्गात तेच पुस्तक, तेवढेच तास घेणाऱ्या दोघांच्या पगारात आणि मानात इतकी वर्षे फरक राहिला. त्याची सल वहीत कुठेच लिहिलेली नसते, पण नुसती खानापूर्ती केलेल्या पानांवरून ती ओळखू येते.

खरे शिकणे सुरू होते ते योजना फसल्यावर. दुसरीच्या वर्गात 52 वजा 27 हे गणित घातले की काही मुले 35 उत्तर लिहितात. टाचणात ‘उद्दिष्ट : हातच्याची वजाबाकी’ एवढेच असते, आणि त्या हिशेबाने हे उत्तर नुसते चूक. शिक्षक मुलाजवळ बसून विचारतो तेव्हा कळते, की मुलाने सातातून दोन घालवले, पाचातून दोन घालवले. मोठ्या आकड्यातून लहान काढायचा, हा नियम त्याने इमानेइतबारे पाळला आहे. दुसऱ्या दिवशी शिक्षक दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढे ठेवतो. दोनातून सात काढता येत नाहीत, म्हणून मूल स्वतःच एक गठ्ठा सोडते. चार गठ्ठे आणि बारा सुट्या होतात, आणि उत्तर 25 येते. आता त्या चुकीमागचा नियम शिक्षकाला ठाऊक असतो. पण ही गोष्ट लिहायला छापील वहीत जागा नाही. तास होण्याआधीचे सगळे रकाने आहेत, तासानंतरचा फक्त शेरा, आणि तिथे लाल शाईत ‘पाहिले’ एवढे लिहून सही होते.

एकट्याचे हे शिकणे दुसऱ्यापर्यंत जावे, याची सोय कागदावर जुनी आहे. आसपासच्या शाळांनी मिळून संकुल करावे, ही सूचना कोठारी आयोगाने (1964–66) केली. आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. ती कल्पना प्रत्यक्षात कशी दिसते, हे मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमाने दाखवले. 1972 मध्ये 16 शाळांत तो सुरू झाला. दरमहा गोष्ठीत शिक्षक एकत्र बसत, कोणता प्रयोग वर्गात जमला, कोणता फसला ते सांगत, आणि त्यावरून पुस्तके सुधारली जात. 2002 मध्ये सरकारने तो बंद केला. आजच्या संकुल बैठकीत बराचसा वेळ माहिती मागवण्यात आणि प्रपत्रे भरण्यात जातो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वर्षाला 50 तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण अपेक्षिले आहे. दीक्षा अ‍ॅपवर त्याची प्रमाणपत्रेही मिळतात. त्यांतून किती तास पाहिले हे कळते. वजाबाकीचे ते मूल पुढे कसे शिकले, हे कळत नाही.

निवृत्तीच्या वेळी शिक्षकाच्या मागे वह्यांचा ढीग उरतो आणि पुढे रद्दीत जातो. त्यात तीसेक वर्षांच्या योजना असतात, अनुभव जवळपास नसतो. नव्या शिक्षकाला मग पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. यावर उपाय साधा आहे. शेऱ्याचा रकाना शिक्षकाला द्यावा. तास झाल्यावर मुले कुठे अडली, काय करून पाहिले, काय चालले, हे त्यात त्याने दोन ओळींत लिहावे. मुख्याध्यापकांनी त्याखाली सही करावी आणि संकुल बैठकीत आधी त्याच ओळी वाचल्या जाव्यात. यासाठी नवे अ‍ॅप लागत नाही, नवे पदनामही लागत नाही.