"कुछ बोली नहीं"

परीक्षा संपल्या की आमच्या खानदेशात दोन हंगाम एकदमच सुरू होतात, उन्हाचा आणि रिश्त्यांचा. जळगावचा पारा चव्वेचाळीसच्या पुढे सरकत असतो आणि तशा उन्हात मालेगाव, भुसावळ, बऱ्हाणपूर, सुरत अशा गावांहून पाहुणे येतात. सरबत होते, समोसे होतात. पुरुष बैठकीत बोलतात, बायका आत बोलतात. मुलगी ट्रे घेऊन येते, सलाम करते आणि जाते. पाहुणे गेल्यावर अब्बा अम्मीला विचारतात, "उससे पूछ लिया?" अम्मी सांगते, "पूछा. कुछ बोली नहीं." आणि येथे विषय संपतो. 'कुछ बोली नहीं' याचा अर्थ 'राजी आहे' असा धरला जातो आणि दुसऱ्या दिवशी तारखेची बोलणी सुरू होतात.

मला या तीन शब्दांविषयी लिहायचे आहे.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. उर्दू माध्यमाची शाळा असल्याने घरची भाषा एक, परीक्षेच्या मराठीची भाषा दुसरी, अशा मुलामुलींना दोन्हींकडे ने-आण करणे हेच माझे काम. पण मला नेहमी वाटते, की आमच्या घरांमध्ये उर्दू-मराठीपेक्षाही मोठे अंतर बैठकीच्या आणि स्वयंपाकघराच्या भाषेत असते. पालकसभेला वडील येतात, ते दारातूनच विचारतात, "कितने मार्क?" उत्तर मिळाले की सही करून निघतात. आई येते ती आधी माझ्या तब्येतीची चौकशी करते, मग नळाला पाणी चार दिवसांनी येते ते सांगते, मग धाकट्याचा खोकला. उठता उठता, बुरखा सावरताना म्हणते, "टीचर, इसको घर पे पढ़ने की जगह नहीं मिलती." ती यासाठीच आलेली असते. पंधरा मिनिटांतले हे शेवटचे वाक्य ऐकले नाही, तर पालकसभा झालीच नाही असे समजावे.

याला बायकांचा स्वभाव म्हणून सोडून देणे मला पटत नाही. सरळ बोलून ज्याचे काम होते, तो सरळ बोलतो. ज्याला सरळ बोलल्यावर "तुला काय कळते?" असे ऐकावे लागले, तो वळणाने बोलायला शिकतो. आणि पुरुषही काही सगळे सरळ बोलत नाहीत. आमच्या घरांतले "देखेंगे" आठवा. सहलीचे पैसे मागा, माहेरी जायचे म्हणा, "देखेंगे." त्याचा अर्थ कधी 'नाही', कधी 'पैसे नाहीत', कधी 'आधी माझ्या आईला विचारतो', आणि तो कोणता हे बायकोने चेहऱ्यावरून ओळखायचे. तिला तो ओळखता येतो, कारण न ओळखून तिचे भागत नाही.

वळणाच्या बोलण्याला ऐकणारा लागतो. दहावीच्या मुलींना बहिणाबाई चौधरींविषयी सांगताना मी नेहमी येथे थांबते. 1880 साली आपल्या जळगावजवळच्या आसोद्याला जन्मलेल्या या बाईला लिहितावाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपुढे ती जे म्हणत होती, ते मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या एका माणसाने टिपून ठेवले, म्हणून 1952 साली, तिच्या मृत्यूनंतर, पुस्तक होऊ शकले. 2018 पासून जळगावच्या विद्यापीठालाच तिचे नाव आहे. माझ्या मुली मात्र वेगळाच प्रश्न विचारतात : "मॅडम, जिसका बेटा नहीं लिखता था, उसका क्या हुआ?" मौलाना हालींनी 'चुप की दाद' ही नज्म लिहिली, ती अशाच बायकांसाठी. नज्म आमच्याकडे कौतुकाने वाचली जाते, पण घरातली चुप कोणी वाचत नाही.

ऐकण्याचे जे उदाहरण मला सर्वांत प्रिय आहे, ते सहीह बुखारीत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांना सांगितले, की तू माझ्यावर खूश असतेस तेव्हाही मला कळते आणि नाराज असतेस तेव्हाही. कसे, असे त्यांनी विचारले. तर खूश असताना शपथ घेताना तू मुहम्मदच्या रबची घेतेस आणि नाराज असताना इब्राहीमच्या रबची. हजरत आयेशांनी ते मान्य केले. मी फक्त आपले नाव तेवढे सोडते, असे त्या म्हणाल्या. विचार करा. भांडण नाही, आवाज चढलेला नाही, तक्रारीचा एक शब्द नाही. शपथेतले एक नाव बदलले आणि एवढी मोठी जबाबदारी खांद्यावर असलेल्या पतीच्या ते लक्षात आले होते. रागावून "साफ साफ बोल, काय झाले ते" असेही ते म्हणाले नाहीत. बुखारीतच उम्मे जरअची लांबलचक हकीकत आहे : अकरा बायका एकत्र बसून आपापल्या नवऱ्यांविषयी बोलतात. हजरत आयेशांनी सांगितलेली ती हकीकत प्रेषितांनी (स.) शेवटपर्यंत ऐकली. आमच्याकडे तिसऱ्या बाईलाच "मुद्दे पे आओ" झाले असते.

आता रिश्त्याकडे येते. कुमारिकेची चुप हीच तिची परवानगी, ही हदीस आपल्याकडे लहानथोर सर्वांना पाठ असते. पण हदीसची सुरुवात फारसे कोणी सांगत नाही. सुरुवात अशी आहे, की पूर्वी विवाह झालेल्या स्त्रीचा निकाह तिच्याशी सल्लामसलत केल्याशिवाय आणि कुमारिकेचा निकाह तिची परवानगी घेतल्याशिवाय करू नये. मग लोकांनी विचारले, की ती लाजते, तिची परवानगी समजायची कशी? त्यावर चुपचे उत्तर आले. म्हणजे आधी विचारणे आहे. चुप ही लाजणाऱ्या मुलीला दिलेली सवलत आहे. वडिलांना विचारण्यातून दिलेली सुटका नव्हे.

आणि आपल्या फुकहांनी या चुपचा किती बारकाईने विचार केला आहे! हनफी फिकहच्या 'हिदाया' या ग्रंथात (कर्ते इमाम मर्गीनानी, मृत्यू 1197) स्पष्ट आहे, की चुपला परवानगी मानायचे ते वलीने किंवा त्याने पाठवलेल्या माणसाने विचारले तरच. इतर कोणी विचारले, तर तिने तोंडाने बोलले पाहिजे. मुलगा कोण, हे तिला ओळखता येईल असे सांगितलेले असले पाहिजे. ती हसली तर परवानगी, पण थट्टेने हसली तर नाही. रडली तर आवाज न करता रडली की मोठ्याने, यावरही चर्चा आहे, कारण माहेर सुटण्याचे रडणे वेगळे आणि नकाराचे रडणे वेगळे. आठशे वर्षांपूर्वी कोणी मुलीच्या रडण्याचा आवाज कान देऊन ऐकत होते. आमच्या मंगल कार्यालयात वकील आणि दोन गवाह बायकांच्या बाजूला येतात, तेव्हा जनरेटरचा आवाज असतो, डेग उघडलेली असते, चाळीस बायकांचा गराडा असतो. मेहेरची रक्कम सांगितली जाते, मुलीची मान कोणीतरी मागून हलकेच पुढे करते, "हाँ बोली, हाँ बोली" असा गलका होतो. त्या क्षणी 'नाही' म्हणायला किती हिंमत लागेल, याचा हिशेब मी कधी कधी करते.

निसाई आणि इब्ने माजा यांनी एका तरुणीची हकीकत दिली आहे. वडिलांनी आपली इभ्रत वाढावी म्हणून पुतण्याशी तिचा निकाह लावला होता. प्रेषितांनी (स.) निर्णय तिच्या हाती दिला. तेव्हा ती म्हणाली, की वडिलांनी केले ते मला मंजूर आहे, पण या बाबतीत वडिलांना जबरदस्तीचा अधिकार नाही, हे बायकांना कळावे म्हणून मी आले. ती 'हो'च म्हणाली, पण विचारल्यावर म्हणाली.

मागच्या वर्षीची गोष्ट. धुळ्याला माझ्या माहेरच्या नात्यात एक मुलगी आहे, मला खाला म्हणते. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. सुरतच्या कपडा मार्केटमध्ये काम करणाऱ्या मुलाचा रिश्ता आला. घर चांगले, मुलगा नमाजी, कसले व्यसन नाही. मी एसटीने शनिवारी पोचले तेव्हा मिठाई वाटून झाली होती. "लड़की राजी है," सर्वांनी सांगितले. "कुछ बोली नहीं."

संध्याकाळी ती माझ्याजवळ पोळ्या लाटत बसली. म्हणाली, "खाला, सूरत में कॉलेज की बस रहती क्या?" मी म्हटले, असेल. थोड्या वेळाने, "दुसऱ्या राज्यात गेल्यावर आपल्या विद्यापीठाचे दोन वर्षांचे मार्क धरतात का?" मग आणखी थोड्या वेळाने, "अम्मी को चक्कर आती, छोटे का डिब्बा कौन बनाएगा?" तीन प्रश्न. एकातही 'नाही' हा शब्द नव्हता. तिच्या अब्बांनी हे प्रश्न ऐकले असते, तर सुरतची बस शोधून दिली असती.

मी तिच्या अम्मीला बाजूला घेतले. ती म्हणाली, "मुझे मालूम है. पण तिने 'नाही' कुठे म्हटले?" येथे मला थोडे कडवट लिहावे लागेल. मुलीच्या चुपचा सोयीचा अर्थ एकटे पुरुष लावत नाहीत. ज्या आईला ती चुप वाचता येते, तीही कधी कधी ती न वाचलेली दाखवते, कारण वाचली तर नवऱ्यासमोर बोलावे लागेल.

मी मुलीला सरळ विचारले, "क्या नहीं चाहिए? लड़का, या वक्त?" प्रश्नात 'नको' हा शब्द मीच घातल्यामुळे असेल, ती लगेच म्हणाली, "वक्त."

दुल्हेभाई बैठकीत होते. त्यांनी नेहमीप्रमाणे तीन वाक्यांत निकाल दिला. "लड़का अच्छा है. घर अच्छा है. और क्या देखना?" मी वाद घातला नाही, बसून राहिले. वर्गात प्रश्न विचारून थांबायची सवय असते, ती येथे कामी आली. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, की हिवाळ्यात हृदयात दोन स्टेंट टाकले. ते घरात सर्वांना माहीत होते. डॉक्टर नंतर एकट्याला काय म्हणाले, ते मात्र त्यांनी बायकोलाही सांगितले नव्हते. "मेरे बाद..." एवढे म्हणाले आणि वाक्य तेथेच सोडले. सहा महिने सर्वजण ज्याला हट्ट समजत होते, ती भीती होती. बैठकीची भाषा स्वयंपाकघरापेक्षा सरळ असते, असे जे म्हणतात त्यांना मी हे सांगते.

मग त्यांनी मुलीला बोलावले. समोर वर्तमानपत्र धरून विचारले. ती पुन्हा गप्प. अम्मी दाराशी उभी. मला वाटले, झाले, हीही चुप जमा होणार. पण त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली, बाजूला ठेवली आणि वाट पाहिली. बाहेरून भाजीवाला ओरडत गेला, पंखा कुरकुरत होता. ती म्हणाली, "अब्बा, इम्तिहान के बाद."

मुलाकडच्यांना सव्वा वर्ष थांबायला सांगितले. त्यांनी नकार दिला. त्यांचेही बरोबर असेल, त्यांच्या घरात आजी आजारी होती. रिश्ता तुटला. मिठाई वाटून झाल्यावर रिश्ता तुटणे म्हणजे काय, हे आपल्या समाजात सांगायला नको. नात्यात "मास्टरनी ने तोड़ा" असे बोलले गेले. काही घरांत अजून माझ्याशी मोजके बोलतात. मुलगीही निव्वळ आनंदात होती असे नाही. ईदला भेटली तेव्हा भांडी पुसता पुसता म्हणाली, "खाला, अच्छा था क्या वो?" तो अच्छा होता. त्यालाही कोणी विचारले नव्हते, हे मला नंतर कळले. त्याचेही गप्प राहणे अदब म्हणून खपून गेले होते.

जळगावात आमच्या ओळखीचे एक बुजुर्ग आहेत, त्यांना नात्यात बऱ्याच निकाहांत वकील म्हणून बोलावतात. ते निकाहच्या आठ दिवस आधी मुलीच्या वडिलांची परवानगी घेऊन तिच्या घरी चहाला जातात. मुलाचे नाव, काम, घरात माणसे किती, मेहेर किती आणि ती रोख की उधार, सर्व सांगतात आणि मग विचारतात. तेव्हा हॉल भरलेला नसतो, डेग चढलेली नसते, नको म्हटले तर कोणाची इज्जत जात नाही. निकाहच्या दिवशी पुन्हा विचारतात ते शरीअतच्या नियमासाठी. मी त्यांना एकदा विचारले, की कोणी कधी 'नाही' म्हटले का? म्हणाले, "दो ने कहा." आणि बाकीच्या? "बाकियों ने सवाल पूछे." प्रश्न विचारणाऱ्या मुलींच्या घरी ते दुसऱ्यांदा चहाला जातात.

धुळ्याच्या त्या मुलीची यंदा शेवटच्या वर्षाची परीक्षा आहे. मध्ये भुसावळचा एक रिश्ता आला. या वेळी दुल्हेभाईंनी तिला जेवताना स्वतःच विचारले. मुलाशी भावासमोर दहा मिनिटे बोलायचे आहे, असे तिने सांगितले. दुल्हेभाई म्हणाले, "देखेंगे." तिने लगेच विचारले, "अब्बा, देखेंगे मतलब हाँ, या ना?" अम्मीने मला फोनवर हे सांगितले तेव्हा ती हसत होती. पाहुण्यांना रमजाननंतरचा रविवार दिला आहे.