जर्सी गाईचा रफार

"गिर्ल," ती म्हणाली आणि वर्ग हसला.

संगमनेर तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, दुसरी-तिसरीचा माझा एकत्र वर्ग. पुस्तकात दोन वेण्यांच्या मुलीचं चित्र, खाली चार अक्षरं. बाकीच्यांनी चित्र बघून 'गर्ल' म्हटलं होतं. हिने चित्राकडे न बघता अक्षरं वाचली. जीचा ग, आयचा इ, आरचा र, एलचा ल. मीच तसं शिकवलं होतं. पिगमध्ये इ, सिटमध्ये इ, मग इथला इ कुठे गेला? ती खाली बसली आणि पुढचे तीन दिवस इंग्रजीच्या तासाला तिने तोंड उघडलं नाही.

मला ते फार लागलं. त्या दिवशी वर्गात खरं वाचन केलं होतं ते तिनेच. आम्ही शिकलो तेव्हा इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. गर्ल म्हणजे मुलगी, बर्ड म्हणजे पक्षी, असं घोकून आम्ही पुढे सरकलो. २००० सालापासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीत आलं. सहा-सात वर्षांच्या मुलाला नुसत्या घोकंपट्टीवर किती दिवस चालवणार? त्याला आवाज जोडून वाचता आलं पाहिजे. आणि आवाज जोडणाऱ्या मुलाला हमखास अडवतो तो हा आर.

स्वराच्या मागे आर आला की तो स्वर पहिल्यासारखा राहत नाही. कॅटमधला ए कारमध्ये 'आ' होतो. हर, बर्ड, फर या शब्दांत ई, आय, यू तिघेही आपापला आवाज सोडून एकच आवाज देतात. हे मला माहीत होतं, पण मुलांना कसं सांगायचं ते सुचत नव्हतं. मोबाइलवर व्हिडिओ लावून पाहिले. एका व्हिडिओतली ब्रिटिश बाई 'काऽ' म्हणायची, तिचा र ऐकूच येत नव्हता. दुसऱ्यात अमेरिकन माणूस जीभ मागे वळवून र म्हणायचा. मुलं गोंधळून माझ्या तोंडाकडे बघायला लागली. तेव्हाच ठरवून टाकलं, आपण र स्पष्ट म्हणायचा. मराठी जीभ र गिळत नाही आणि त्यात कमीपणा कसलाही नाही.

वाट सापडली ती एका गाईमुळे. परिपाठ संपत आला होता. तिसरीतला एकजण धापा टाकत आला. "बाई, आमची जर्सी व्याली! कालवड झाली!" सगळ्यांना आनंद झाला. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'जर्सी' लिहिलं आणि रफार काढताना खडू हातातच राहिला.

"रफार कुणाच्या डोक्यावर आहे?"

"सीच्या!"

"आणि म्हणायचा कधी?"

"सीच्या आधी!"

हे त्यांना पक्कं येत होतं. र मराठीतही सरळ कुठे वागतो? सूर्यात तो य च्या डोक्यावर बसतो, प्रकाशात प ला तिरका चिकटतो, ट्रकमध्ये ट च्या पायाशी जातो, दऱ्याखोऱ्यांत तर त्याचं रूपच बदलतं. ही सगळी रूपं ओळखणाऱ्या मुलांना इंग्रजीतल्या आरची भीती का वाटावी? मराठीत र स्वतः जागा बदलतो, इंग्रजीत तो शेजाऱ्याचा आवाज बदलतो, एवढाच काय तो फरक.

'जर्सी'खाली मी त्याचं स्पेलिंग लिहिलं आणि ई-आरखाली रेघ मारली. "यातला ई ऐकू येतो का?" मुलांनी दोन-तीनदा म्हणून पाहिलं. "नाही बाई, नुसतं अर्."

मग मुलं थांबेचनात. शर्ट, सर्कस, नर्स, पर्स, थर्मास. आधी मराठीत लिहायचं, रफाराआधीचा स्वर ऐकायचा, मग खाली इंग्रजी. पार्क आणि कार्ड आले, त्यांच्यासाठी 'आर्'चा वेगळा रकाना केला. पुणे-नाशिक महामार्गावरच्या ट्रकांमागे वाचलेला हॉर्न आला, त्याच्यासोबत फॉर्म आला, म्हणून 'ऑर्'चा तिसरा रकाना पडला. एकीने 'चार्जर' सांगितला आणि कुठल्या रकान्यात लिहायचा यावरून वाद झाला, कारण त्याच्या सुरुवातीला आर् आणि शेवटी अर्. तो दोन्हीकडे लिहिला. हे सगळे आवाज मुलांच्या तोंडात आधीपासून होते, त्यांची अक्षरं दाखवणारं कुणी भेटलं नव्हतं.

अवघड आहे तो 'अर्'चा रकाना. ई-आर, आय-आर, यू-आर, तिन्ही तिथेच. वाचताना अडत नाही, लिहिताना मात्र शर्टला आय की यू, हे कानाला कळत नाही. ते शब्दागणिक लक्षातच ठेवावं लागतं, हे मी मुलांना सरळ सांगते. सुरुवात ई-आरने करते, कारण टीचर, सिस्टर, वॉटर अशा कितीतरी शब्दांच्या शेवटी तो भेटतो.

ही तीन स्पेलिंगं आली कुठून? पूर्वी इंग्लंडात या तिघांचे उच्चार खरोखर वेगळे होते. कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. पुढे छपाईने स्पेलिंग हळूहळू पक्कं केलं आणि लोकांचे उच्चार बदलत गेले. स्कॉटलंडमध्ये काही लोक अजूनही ते वेगळे म्हणतात. 'बर्ड' तर जुन्या इंग्रजीत 'ब्रिड' होता, त्यातला र आधी होता तो नंतर मागे सरकला. हे वाचलं तेव्हा मला माझी 'गिर्ल'वाली आठवली. अक्षरांवर विश्वास ठेवण्यात तिची चूक नव्हती, बोलणारेच अक्षरांना सोडून पुढे गेले होते.

चौथ्या दिवशी तिच्यासमोर मी 'बर्ड' ठेवला. "बि..." म्हणून ती थांबली. मग आय आणि आर या दोघांवर मिळून एकच बोट ठेवलं, ओठ हलवले आणि म्हणाली, "बर्ड." कुणी हसलं नाही.

हल्ली ती माझ्यामागे प्रश्न घेऊन फिरते. वर्ड, वर्क, वर्ममध्ये ओ असून 'अर्' का? वॉर्ममध्ये ए असून 'ऑर्' का? डब्ल्यूनंतर असं होतं, हे सांगितल्यावर तिने वहीच्या मागच्या पानावर डब्ल्यूचा वेगळा रकाना केला. त्यात सध्या नऊ शब्द आहेत.

शिक्षकमित्रांनो, आईबाबांनो, एखादं मूल 'बिर्ड' म्हणालं तर वर्गाला, घराला हसू देऊ नका. "अक्षरं बरोबर वाचलीस," हे त्याला आधी सांगा. आर स्वराचं काय करतो, ते त्यानंतर दाखवा.