अझेलियाच्या मुळाशी

कुणी मरगळलेला अझेलिया घेऊन आलं की मी पानं नंतर बघते, आधी कुंडी उचलते. हाताला हलकी लागली की निम्मं दुखणं कळतं. वरची माती ओलसर दिसते, त्यावर जायचं नाही.

मी राहते ते गेंट म्हणजे बेल्जियममधलं अझेलियाचं माहेरघर. २०१० मध्ये इथल्या अझेलियाला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकनही मिळालं. हिवाळ्यात दुकानं या कुंड्यांनी फुललेली असतात. लोक हौसेनं नेतात, हीटरच्या वरच्या खिडकीत ठेवतात, आणि थोड्याच दिवसांत पानं गळायला लागतात.

'पाणी तर रोज घालते, खाली बशीतही उतरतं,' असं शेजारच्या आजी सांगतात, आणि ते खरंच असतं. हे झाड वाढवलेलं असतं पीटमध्ये, म्हणजे दलदलीत वर्षानुवर्षं साचलेल्या शेवाळाच्या थरात. ओलं असेतो पीट भरपूर पाणी धरून ठेवतं. पण एकदा का खडखडीत वाळलं, की पाण्याला आत घेतच नाही. आकसून कुंडीच्या कडेपासून सुटतं आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ बशीत जातं. मधला गड्डा कोरडाच. अझेलियाची मुळं केसांइतकी बारीक, त्यांना एवढी तहान सोसत नाही.

मग मी बादलीत पाणी घेते आणि कुंडी त्यात बुडवते. ती वर येऊ बघते, म्हणून तळवा ठेवून दाबून धरावी लागते. आधी भसाभस बुडबुडे येतात, मग एकेक, मग थांबतात. तोवर घाई करायची नाही. नंतर कुंडी पूर्ण निथळू द्यायची. बशीत पाणी साचू दिलं तर हीच मुळं कुजतात.

पाणी मात्र पावसाचं हवं. इथं नळाचं पाणी चुनखडीचं. अझेलियाला आम्लधर्मी माती लागते, सामू साडेचार ते साडेपाचच्या आसपास. चुना साठत गेला की मुळांना लोह घेता येत नाही. शिरा हिरव्या राहतात आणि मधलं पान पिवळं पडतं. अशा झाडाला लोक खत घालतात, तेव्हा माझा जीव तुटतो. आजारी मुळांना खताचा भार कशाला? बेल्जियमच्या आमच्या या भागात, फ्लँडर्समध्ये, नव्या घरांना पावसाच्या पाण्याची टाकी सक्तीची आहे, त्यामुळे एक कळशी कुणाकडेही मिळते.

जागा थंड आणि उजेडाची. जिन्याजवळचा हीटर नसलेला कोपरा उत्तम. दहा ते पंधरा अंशांत फुलं कितीतरी जास्त टिकतात. (पानं विषारी असतात, घरात मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवावी.) उबदार खोलीत कळीच्या बुडातून कोवळे पालवीचे कोंब फुटतात आणि कळी तपकिरी होऊन सुकते. ते कोंब दिसताक्षणी मी नखानं खुडते.

पुण्याहून बहीण विचारते, आमच्याकडे जगेल का गं? जगेलही, पण कळ्या फुलायला काही आठवडे चांगली थंडी लागते, ती घरात कुठून आणणार? दार्जिलिंग-सिक्कीमकडे मात्र अझेलिया छान रमतो.

फुलं ओसरली की लगेच छाटणी. उशीर केला तर पुढच्या वर्षीच्या कळ्याच कापल्या जातात. मेच्या मध्यानंतर, इथले जुने माळी मानतात ते थंडीचे शेवटचे दिवस सरले, की कुंडी बागेत झाडाच्या सावलीत जाते. पहिलं दहिवर पडायच्या आत घरात घ्यायची, तीही आधी जिन्यापाशीच.