बाभुळगावचा पांगुळगाडा

बाभुळगाव पाहायला म्हणून कोणी जात नाही. तिथे किल्ला नाही, लेणी नाहीत आणि थंड हवेचा तर प्रश्नच नाही. यवतमाळ जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. मुंबई-नागपूर लोहमार्गावर धामणगावला उतरावे, यवतमाळच्या बाजूची बस धरावी, म्हणजे वाटेत ते लागते. दोहो बाजूंना कपाशी, तूर, सोयाबीन आणि त्यांच्याखाली ती वऱ्हाडची काळी माती. जवळच बेंबळा नदीवर धरण झाले आहे, तेवढे पाहून घ्या, असे सांगणारा एखादा सहप्रवासी भेटतोच.

आमचे जाणे झाले ते सौभाग्यवतींच्या मामांमुळे. मामांचा निरोप आला, "यंदा पोळ्याले याच जावईबापू, पुढच्या पोळ्याले आमी राहतो का नाही, कोनाले मालूम!" हे वाक्य मामा गेली बारा वर्षे म्हणत आले आहेत, पण यंदा त्याला कारण होते. गेल्या साली न्हाणीत पाय घसरून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली, हाडही सांधले, परंतु मामा त्यानंतर घराच्या उंबरठ्याबाहेर म्हणून पडले नव्हते. ज्या माणसाने साठ वर्षे पोळ्याच्या तोरणाखाली स्वतःची बैलजोडी उभी केली, त्याने यंदाचा पोळा खाटेवरून ऐकायचा, हे मामींना सहन होत नव्हते. मामांना होत होते की काय, ते मात्र कळत नव्हते. ते त्या विषयावर बोलतच नसत.

धामणगावच्या स्थानकावर बसमध्ये चढताना एक म्हातारबुवा आमच्या पुढे होते. त्यांच्या हातात एक लहानसा लाकडी पाट आणि पाटाला दोरी. जेवायचा पाट घेऊन हे कोठे निघाले, असा विचार मनात येतो न येतो तोच त्यांनी तो पाट पायरीखाली जमिनीवर ठेवला, त्यावर एक पाय दिला, मग दुसरा पायरीवर आणि आत गेल्यावर दोरीने पाट वर ओढून बगलेत मारला. सौभाग्यवतींना राहवेना. "आजोबा, ही युक्ती कोणी शिकवली?" म्हणून त्यांनी विचारले. म्हातारबुवा म्हणाले, "शिकवते कोन माय? हिरीतून बादली नाही का वढत आपन?" राज्यात ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी उलटलेल्यांना एस. टी.चा प्रवास मोफत आहे. वाहकाने आजोबांना त्याप्रमाणे शून्य रुपयांचे तिकीट फाडून दिले. सरकारने तिकीट माफ केले होते. पायरीचे आजोबांनी स्वतःच पाहून घेतले होते.

मामांचे घर जुन्या वळणाचे. दीड फूट उंचीचे जोते, दगडी पायऱ्या, सागवानी चौकट आणि तिला वीतभर उंबरठा. ओसरीवर पाय ठेवताच नजरेत भरली ती एक चाकांची खुर्ची. चकचकीत, निळ्या बैठकीची, पुण्याच्या मुलाने मोठ्या मायेने पाठवलेली. तिच्यावर बैलांच्या झुली घडी करून ठेवल्या होत्या. चौकशी केली तेव्हा कळले की खुर्ची पंचवीस इंच आणि आतल्या खोलीचे दार बावीस इंच. अशी घडीची खुर्ची हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज या दोन अमेरिकन अभियंत्यांनी १९३३ साली तयार केली. एव्हरेस्ट स्वतः खाणीतल्या अपघाताने पंगू झालेला होता आणि आपली खुर्ची मोटारीत मावावी, ही त्याची गरज होती. घडी केली की ती मामांच्या दारातूनही जात होतीच; पण घडी केलेल्या खुर्चीत मामांनी बसायचे कसे?

बरे, अंगणातून ओसरीवर खुर्ची चढवायची तर उतार हवा. त्याचा नियम असा की एक फूट चढायला बारा फूट लांबी धरावी. म्हणजे मामांच्या जोत्याला अठरा फूट. तो उतार सरळ शेजाऱ्याच्या गोठ्यात जाऊन संपला असता.

शेजारच्या आजींकडे मात्र वेगळाच प्रकार पाहिला. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली. पासष्टी गाठलेल्या आणि दोन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या वृद्धांच्या बँकखात्यात साधने घेण्यासाठी एकदा ३,००० रुपये जमा होतात. चष्मा, श्रवणयंत्र, चालण्याचा आधार, गुडघ्याचा पट्टा, मानेचा पट्टा, यांपैकी जे हवे ते घ्यावे. आजींनी घेतली ती भोक असलेली बैठकीची खुर्ची. दिवाळी अंकात हा विषय काढावा की नाही, असे क्षणभर वाटले. पण ज्यांचे गुडघे वाकत नाहीत त्यांची सकाळ कशी उजाडते, हे घरोघरी ठाऊक आहे आणि कोणी लिहीत नाही. आजी म्हणाल्या, "आता सुनेले हाका मारा लागत नाही." त्या गल्लीतले सर्वांत जास्त वापरात असलेले साधन तेच होते.

मामींच्या कानाची कथा निराळी. कानात घालायचे यंत्र चांगल्या बनावटीचे, तेही पुण्याहूनच आलेले. पण त्याचा मुक्काम कुंकवाच्या डब्यात. का म्हणून विचारले तर मामी म्हणाल्या, "कानात घातलं का भांडे बोलते, पंखा बोलते, कोंबड्या बोलते. मानूसच तेवढा बोलत नाही!" यात मामींचा दोष नव्हता. म्हातारपणी कान जातो तो बहुधा वरच्या पट्टीपासून जातो. 'आ', 'ओ' असे स्वर ऐकू येतात. 'स', 'श', 'त', 'क' ही व्यंजने पुसट होतात. त्यामुळे कोणी बोलले हे कळते, काय बोलले ते कळत नाही आणि घरातले मात्र म्हणतात की हिला हवे तेवढेच ऐकू येते. यंत्र त्या माणसाच्या कानाच्या तपासणीप्रमाणे जुळवावे लागते आणि जुळवल्यावरही मेंदूला नव्या आवाजांची ओळख पटायला काही आठवडे जातात. सुरुवात शांत खोलीत, एका माणसाशी, थोडा थोडा वेळ करायची असते. मामींनी पहिल्यांदा ते घातले ते भाचीच्या लग्नाच्या मांडवात, बँडच्या शेजारी!

आणखी एक घोटाळा होता. त्यातले बटणाएवढे सेल हवेवर चालतात. वरची चिकटपट्टी काढली की हवा आत शिरून सेल जागा होतो. मग यंत्र कानात असो की कुंकवाच्या डब्यात, तो संपतच जातो. मामींनी नीटनेटकेपणाने सगळ्या सहा सेलांच्या पट्ट्या एकदमच काढून ठेवल्या होत्या. नवे सेल यवतमाळहून मागवले. मग चार दिवस रोज दुपारी सौभाग्यवती पंखा बंद करून माजघरात मामींसमोर वर्तमानपत्र वाचीत बसल्या. तिसऱ्या दिवशी भिंतीवर पाल चुकचुकली आणि मामींनी सवयीने जमिनीवर बोटे वाजवून "खरं आहे" म्हटले. मग एकदम थांबल्या. किती वर्षांत पालीचा आवाज ऐकला नव्हता, याचा हिशेब करू लागल्या.

आम्ही मराठी शिकवणारी माणसे शब्दांकडे जरा जास्तच पाहतो. माझ्या नाकावर गेली तीन वर्षे जो चष्मा आहे त्याला आपली भाषा 'चाळिशी' म्हणते, म्हणजे तो चाळीस वर्षांच्या माणसाला यायचाच, असे गृहीत धरते. त्यात लाज नाही, दया नाही. कानाच्या यंत्राला असे नाव मिळालेले नाही. म्हणून माणसे ते केसांखाली लपवतात, डब्यात ठेवतात. काठीचेही तसेच. 'म्हातारपणाची काठी' आपण मुलाला म्हणतो. खऱ्या काठीला हात लावायला माणूस सत्तरीतही तयार नसतो. आणि चालायला शिकणाऱ्या पोराच्या तीन चाकी लाकडी गाड्याला मात्र आपण कौतुकाने 'पांगुळगाडा' म्हणतो! तो ढकलीत पोर धावू लागले की सारे घर टाळ्या पिटते.

चौकाजवळ मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवणारे एक गृहस्थ भेटले. पन्नाशीचे असतील. लहानपणी पोलिओ झालेला. त्यांची पिढी ही शेवटचीच म्हणायची. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. आधी पायाला लोखंडी पट्ट्या, मग हाताने फिरवायची तीन चाकी आणि आता बॅटरीची. गाडी उत्तम आहे, म्हणाले. पण पावसाळ्याचे चार महिने ती सडकेवरून खाली उतरवता येत नाही. काळी माती पाणी प्यायली की फुगते, चाकाला लपेटून बसते. उन्हाळ्यात तिलाच हात हात भेगा पडतात. "भाऊ, माह्या पायाले पोलिओ एकदाच झाला," ते हसत म्हणाले, "रस्त्याले दरसाल होते." पावसाळ्यात ते दुकानातच मुक्काम करतात.

२०११ च्या जनगणनेत अपंगत्वाची नोंद झालेली माणसे महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार होती. तेव्हा कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्याने ते एकवीस झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात अडीचशे कोटींहून अधिक माणसांना चष्म्यापासून चाकाच्या खुर्चीपर्यंत कोणते ना कोणते साधन लागते आणि त्यांतल्या जवळजवळ शंभर कोटींना ते मिळत नाही. मिळालेल्यांपैकी किती साधनांवर झुली ठेवल्या आहेत, याची मोजदाद मात्र त्या दुकानाच्या फळीवर बसून मला करावीशी वाटू लागली.

जमीन पाहून साधन घडवल्याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. पूर्वी कृत्रिम पाय बुटात घालण्यासाठी बनत. तो लावून मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, चिखलात तर पाऊल टाकायची सोय नसे. जयपूरला रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी १९६८ च्या सुमारास रबराचा असा पाय केला की तो अनवाणी चालतो, पाण्यात भिजतो आणि शेतात उतरतो. शर्मा फारसे शिकलेले नव्हते. पण लोक कसे बसतात, कसे उठतात हे त्यांनी पाहिले होते.

आता आमच्या मामांकडे वळतो. त्यांच्यासाठी चार पायांचा ॲल्युमिनियमचा आधार आणलेला होता. उचलायचा, पुढे ठेवायचा, एक पाऊल टाकायचे. मामा तो घरात दोन पावले वापरीत आणि कंटाळून खाटेवर बसत. पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांचे खांदे शेकण्याच्या गडबडीत, गावातले सुतारबुवा झुलींच्या काठ्यांसाठी म्हणून आले. वऱ्हाडात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुले चाकांवरचे लाकडी नंदी ओढीत घरोघर नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे, मिळवतात. त्यामुळे सुतारबुवांच्या हाताला उसंत नव्हती. तरी मामांना दोन पावले चालताना पाहून ते थबकले.

"हे कोनाच्या मापाचं हाये जी?" त्यांनी विचारले.

मापाचा विचार कोणी केलाच नव्हता. दुकानातून आला तसा तो वापरात होता. सुतारबुवांनी मामांना सरळ उभे केले, हात सैल सोडायला सांगितले आणि मनगटाच्या घडीशी बोट टेकवले. मूठ तिथे यायला हवी. रुमणे नाही का नांगर धरणाऱ्याच्या उंचीने करावे लागत, असे म्हणत त्यांनी आधाराच्या पायांतली बटणे दाबून चारही पाय दोन भोके वर घेतले. डॉक्टरमंडळीही हेच माप सांगतात. मामा सहा महिने कमरेत वाकून चालत होते ते सरळ झाले. चेहऱ्यावरचा त्रासिकपणा निम्मा ओसरला.

उरला चिखल. आधाराची रबरी टोके अंगणातच रुतत होती. सुतारबुवांनी दुसऱ्या दिवशी सकाळी चार लाकडी चकत्या आणल्या, तळहाताएवढ्या, मधे खळगा, खाली जुन्या टायरचा तुकडा ठोकलेला. टोके खळग्यात घट्ट बसवली. उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना उतरत्या फळ्या टाकल्या, पायऱ्यांशी बांबूचा कठडा बांधला. मजुरी विचारली तर म्हणाले, "पोळा पाहू द्या आधी."

सायंकाळी मामा निघाले. मी एका बाजूला, सुतारबुवांचा मुलगा दुसऱ्या बाजूला. पायऱ्या उतरायला पाच मिनिटे लागली. घर ते तोरण हे अंतर धडधाकट माणसाला तीन मिनिटांचे. मामांना चाळीस लागली. वाटेत दोनदा ओट्यावर बसावे लागले आणि दोन्ही वेळा लोक गोळा झाले. तिसऱ्यांदा बसा म्हटले तेव्हा मामा माझ्यावरच खेकसले. आमची बैलजोडी गड्याने आधीच उभी केली होती. मामांनी आधार एका हाताने धरला, दुसरा हात उजव्या बैलाच्या वशिंडावर ठेवला आणि तसेच उभे राहिले. झडत्या सुरू झाल्या. मामी बायकांत उभ्या होत्या, कानात यंत्र होते. ढोल वाजू लागताच त्यांनी ते काढून कनवटीला लावले, हे मी पाहिले; काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सुतारबुवा हजर. आधार उलटा करून त्यांनी चकत्या तपासल्या. एक उभी तडकली होती. घाईत आंब्याचे लाकूड वापरले, बाभळीचे नव्हते, म्हणाले. चारही बदलून आणतो, संध्याकाळपर्यंत. मामांनी खाटेवरून मान वळवली.

"संध्याकाळ कायची? बारा वाजेपर्यंत दे," ते म्हणाले. "तान्हा पोळा हाये. पोट्टे दारात येतीन."